बंधित निधी पेव्हर ब्लॉकमध्ये गेला : ग्रामपंचायतीविरुद्ध न्यायालयात जाण्यापूर्वी हाती काय असावे?

धागाकर्ता

नमस्कार. गेली दोन वर्षे आमच्या गावातील आम्ही चौघे ग्रामपंचायतीच्या एका खर्चाचा माग काढीत आहोत. आता न्यायालयात जावे असे ठरत आले आहे. मात्र कोणत्या न्यायालयात जावे, कोणाविरुद्ध जावे आणि नेमके काय मागावे, यावर आमच्यात एकमत होत नाही. येथे या विषयातील जाणकार मंडळी आहेत, म्हणून सगळी हकीकत मांडतो. गाव, तालुका आणि व्यक्ती यांची नावे हेतुपुरस्सर टाळली आहेत.

प्रथम नियम सांगतो, कारण सगळा वाद त्यावरच उभा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांना मिळालेल्या अनुदानाचे दोन भाग होते. ६० टक्के रक्कम बंधित होती आणि ४० टक्के अबंधित. बंधित रकमेचा अर्धा भाग, म्हणजे एकूण अनुदानाच्या ३० टक्के, पिण्याचे पाणी, पर्जन्यजल साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी होता. उरलेले ३० टक्के स्वच्छतेसाठी आणि गावाचा हागणदारीमुक्त दर्जा टिकवण्यासाठी होते. अबंधित भाग स्थानिक गरजेनुसार वापरता येत असला, तरी त्यातून वेतन व आस्थापनेचा खर्च करण्यास मनाई होती. आपल्या राज्यात या अनुदानापैकी ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. पाण्याचा आणि स्वच्छतेचा पैसा अन्यत्र जाऊ नये, एवढ्यासाठीच ही बांधणी केलेली होती.

आमच्या गावाची सार्वजनिक विहीर फाल्गुनातच तळ गाठते आणि मृगापर्यंत टँकरवर भागवावे लागते. असे असताना विकास आराखड्यात बंधित निधीतून ‘मुख्य चौक परिसरात सांडपाणी व्यवस्थापन’ असे एक काम धरण्यात आले. प्रत्यक्षात चौकात पेव्हर ब्लॉक बसले. गटार झालेच नाही. सांडपाणी आजही पूर्वीप्रमाणेच शाळेच्या कुंपणाला लागून वाहते, आणि पावसाळ्यात मुले चपला हातात धरून ते ओलांडतात.

ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर या कामाचे पैसे अदा झाल्याची नोंद आणि पुरवठादाराचे नाव आम्हाला सहज दिसले. पुढची कागदपत्रे मात्र सहजासहजी मिळाली नाहीत. आमचा पहिला माहिती अधिकार अर्ज तीन पानांचा होता, आणि ‘माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ या एका ओळीत तो निकाली निघाला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि अर्ज १५० शब्दांच्या आत असावा, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. त्यानंतर चार स्वतंत्र अर्ज केले, दोन प्रकरणांत प्रथम अपील केले, आणि अखेरीस ठरावाची प्रत, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि देयकाची प्रमाणके (व्हाउचर) हाती आली.

मोजमाप पुस्तिकेत ८५ मीटर लांबीची भूमिगत गटार, तिचे चेंबर, खोदाई आणि भराव यांची मापे सुवाच्य अक्षरांत लिहिलेली आहेत. ८५ मीटर म्हणजे चौकातील पारापासून शाळेच्या फाटकापर्यंतचे अंतर. ते आम्ही फीत लावून मोजले. त्या संपूर्ण लांबीत एकही चेंबर नाही. खात्री करण्यासाठी एका कोपऱ्यातील दोन ब्लॉक आम्ही पहारीने उचलून पाहिले, तर खाली कच आणि त्याखाली जुना मुरूम एवढेच होते.

दुसरी बाब ठरावाची. हा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत झाल्याचे कागद सांगतो. त्या सभेला आम्ही चौघेही उपस्थित होतो. असा विषय चर्चेस आला नव्हता. इतिवृत्ताची प्रत नीट पाहिली असता शेवटचा विषय आणि सह्या यांच्यामधल्या जागेत हा ठराव बारीक अक्षरांत बसवलेला दिसतो. वरच्या सर्व विषयांखाली सूचक व अनुमोदक यांची नावे आहेत, याच्याखाली नाहीत.

आता प्रश्न. आमच्यातील एकाचे म्हणणे आहे की सरळ उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी. दुसऱ्याला पोलिसांत गुन्हा नोंदवावा असे वाटते. मला स्वतःला कोणाला तुरुंगात पाहण्याची इच्छा नाही. पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या नावाने आलेला पैसा ग्रामनिधीत परत यावा आणि ती ८५ मीटर गटार खरोखर व्हावी, एवढेच मला हवे आहे. असे मागता येते का?

निवृत्त लेखापरीक्षक

आपण कागदपत्रे चिकाटीने मिळवली आहेत, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. आपल्या कथनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या आधी सुट्या करा, कारण तक्रार जेथे कमकुवत होते ती जागा हीच असते.

बंधित निधीतून पेव्हर ब्लॉक बसवणे म्हणजे निधी वळवणे होय. काम झाले आहे, पण चुकीच्या लेखाशीर्षातून. न झालेल्या गटाराची मापे लिहून देयक काढणे हा अपहार आहे. पहिल्या बाबतीत बचाव असा येईल की ब्लॉक बसवल्याने चिखल हटला, म्हणजे स्वच्छताच साधली. दुसऱ्या बाबतीत बचावाला जागा नाही, कारण जमिनीत गटार एक तर आहे किंवा नाही. दोन्ही मुद्दे ‘भ्रष्टाचार’ या एकाच शब्दाखाली मांडले, तर समोरचा माणूस पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्यावरून अलगद निसटतो. मी नोकरीत असताना अशा कितीतरी तक्रारी याच कारणाने बारगळलेल्या पाहिल्या आहेत आणि त्याची खंत आजही वाटते.

आता कागदांचा क्रम लावा. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप, देयक आणि प्रदान अशा सहा तारखा एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहा. खोट्या कामात बहुधा यांतील एक तरी तारीख मागेपुढे झालेली आढळते. मोजमाप घेण्याच्या आधीच देयक निघालेले असते, किंवा तांत्रिक मान्यतेच्या आधी काम सुरू झालेले असते. त्यानंतर नमुना ५, म्हणजे सामान्य रोकडवही, आणि बँकेचे विवरण शेजारी ठेवून ताडून पाहा. स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत ही गटार चढवली आहे का, तेही तपासा. जी मालमत्ता निर्माणच झाली नाही, ती पुष्कळदा तेथे नोंदवायची राहून जाते.

त्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरील अनुपालन यांसाठी स्वतंत्र अर्ज करा. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा १९३० पासूनचा आहे आणि त्यात अधिभार लावण्याची, म्हणजे नुकसानीची रक्कम जबाबदार व्यक्तीवर बसवण्याची, तरतूद आहे. शिवाय महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १७८ नुसार पंचायतीच्या पैशाची हानी, अपव्यय किंवा गैरवापर झाल्यास त्याची जबाबदारी संबंधित सदस्यांवर व्यक्तिशः येऊ शकते. आपल्याला जे हवे आहे, म्हणजे पैसा परत येणे, त्याचा कायदेशीर पाया येथे आहे.

एका गावची उपसरपंच

मी या धाग्यावर दुसऱ्या बाजूने लिहिते आहे, आणि रागावू नये ही विनंती.

देयके आता धनादेशाने निघत नाहीत. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच यांच्या डिजिटल स्वाक्षरीने ती ऑनलाइन निघतात. स्वाक्षरीचे ते छोटे उपकरण सरपंचाच्या ताब्यात असले पाहिजे. आमच्याकडे ते कित्येक महिने कार्यालयातील संगणकाच्या खणात, पासवर्ड लिहिलेल्या चिठ्ठीसकट पडलेले होते. आमच्या सरपंचताई पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. आपल्या स्वाक्षरीने कोणकोणती देयके गेली, हे त्यांना लेखापरीक्षणाच्या वेळी कळले. त्या रात्री त्या माझ्या ओसरीवर बसून रडल्या, आणि मला काय बोलावे ते सुचेना. कायदा त्यांना मोकळे सोडणार नाही, हे मला मान्य आहे. जिने स्वाक्षरी दिली, तिची जबाबदारी आहेच.

पण एकट्या सरपंचावर बोट ठेवून थांबू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. माप लिहिणारा अभियंता, देयक तयार करणारा ग्रामसेवक, पैसे घेणारा पुरवठादार आणि वर्षानुवर्षे दप्तर न तपासणारे तालुक्याचे अधिकारी ही सगळी साखळी आहे. तक्रारीत फक्त सरपंचाचे नाव आले की बाकीचे सुटतात. पुढच्या निवडणुकीत नवा सरपंच येतो आणि साखळी तशीच राहते.

तालुका न्यायालयातील वकील

धागाकर्त्यांना आधी एक कळकळीची सूचना आहे. ब्लॉक पुन्हा उचलू नका. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान केल्याची उलट तक्रार तुमच्यावरच होईल आणि मूळ विषय मागे पडेल. त्याची गरजही नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार नागरिकाला दिलेला आहे. त्याखाली पाहणीचा अर्ज करा, ठरलेल्या दिवशी पंचांसमक्ष पाहणी करा, आणि पाहणीची लेखी नोंद व्हावी असा आग्रह धरा. पहारीने पाहिलेला पुरावा आणि पाहणीतून आलेला पुरावा यांत न्यायालयाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

आता मार्गांविषयी. जनहित याचिका हा शब्द सर्वांना प्रिय असला, तरी उच्च न्यायालयात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘येथे येण्यापूर्वी तुम्ही कोणाकडे गेला होता?’ हा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली कर्तव्यातील गैरवर्तनासाठी सरपंच, उपसरपंच किंवा सदस्य यांना पदावरून दूर करता येते. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात. हा मार्ग उपलब्ध असताना तो न चोखाळता याचिका केली, तर बहुधा ‘आधी तेथे जा’ असे सांगून ती निकाली निघते. म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे सविस्तर तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. वाजवी काळात काहीच झाले नाही, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून चौकशी ठरावीक मुदतीत पूर्ण करण्याचा आदेश मागा. ही मागणी दिसायला लहान आहे, परंतु ती मान्य होण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. आदेश हाती आला की अधिकाऱ्याला फाइल कपाटात ठेवून चालत नाही.

जनहित याचिकाच करायची असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाचे २०१० चे जनहित याचिका नियम आधी वाचून घ्या. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, स्वार्थासाठी होणाऱ्या याचिकांना आळा बसावा म्हणून, सर्व उच्च न्यायालयांना असे नियम करण्यास सांगितले होते. याचिकाकर्त्याला आपली माहिती आणि आपला हितसंबंध शपथेवर उघड करावा लागतो, आणि न्यायालय अनामत रक्कम भरण्यासही सांगू शकते. म्हणून विचारतो, तुम्हा चौघांपैकी कोणी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली होती का? प्रतिपक्ष पहिल्याच तारखेला ते पुढे आणील.

दिवाणी दाव्याचा मार्गही आहे. रहिवाशाला आपल्या स्थानिक संस्थेच्या बेकायदेशीर कृतीला आव्हान देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने उडुपी नगरपरिषदेच्या १९७४ च्या निवाड्यात मान्य केले आहे. पण दाव्याचा उपयोग पुढे होणारा खर्च मनाई हुकूम घेऊन थांबवण्यासाठी अधिक होतो. तुमचा पैसा खर्च होऊन गेलेला आहे. शिवाय पंचायतीविरुद्ध दावा करण्यापूर्वी अधिनियमाच्या कलम १८० प्रमाणे लेखी नोटीस द्यावी लागते, आणि शासन किंवा शासकीय अधिकारी पक्षकार असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. नोटिशीत राहिलेल्या उणिवेपायी चांगले दावे फेटाळले गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून ती वकिलाकडूनच करून घ्यावी.

गटाराविषयी एक जुना निवाडा सांगतो, कारण तुमच्या शाळेच्या कुंपणाचे वर्णन वाचून तोच आठवला. मध्य प्रदेशातील रतलाम येथे उघड्या गटारांनी त्रस्त झालेले रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिकेने पैसा नसल्याचे कारण पुढे केले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते कारण नाकारले आणि कामे करण्याचे बंधन नगरपालिकेवर घातले. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील, सार्वजनिक उपद्रव हटवण्याविषयीचे कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आले आहे. गैरव्यवहाराची चौकशी चालू राहील तेव्हा चालू राहो, सांडपाण्यासाठी या कलमाखाली वेगळा अर्ज करता येईल. तुमच्या गावाने तर पैसा नव्हता असेही म्हणण्याची सोय ठेवलेली नाही, कारण गटारीसाठी पैसा आला होता आणि खर्चीही पडला, असे त्यांचेच कागद सांगतात.

पोलिसांविषयी थोडक्यात सांगतो. काम १ जुलै २०२४ पूर्वीचे असेल, तर लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताचे कलम भारतीय दंड संहितेतील ४०९ हे लागेल. त्यानंतरचे असेल, तर भारतीय न्याय संहितेतील ३१६(५). मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात अपहार निष्पन्न झाला, की गटविकास अधिकारीच फिर्याद देऊ शकतात आणि तशी फिर्याद तुमच्या फिर्यादीपेक्षा अधिक भक्कम ठरते.

नगरपंचायतीचा रहिवासी

आमचे गाव नगरपंचायत झाले आहे. वरील मार्ग आम्हालाही लागू होतात का?

तालुका न्यायालयातील वकील

आपल्याला १९६५ चा नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम लागू होतो. ठराव झाला आहे पण खर्च व्हायचा आहे, अशी स्थिती असेल, तर कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी निलंबित करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे ताबडतोब जा. पैसे अदा होऊन गेल्यावर या कलमाचा फारसा उपयोग राहत नाही. दाव्यापूर्वीची नोटीस आपल्याकडे कलम ३०४ खाली द्यावी लागते आणि तेथील मुदत आखूड आहे, तेव्हा दिरंगाई करू नका.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वकीलसाहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे देतो. आमच्यापैकी एकाने गेल्या निवडणुकीत उमेदवारी केली होती आणि तो अगदी थोड्या मतांनी पडला. काल रात्री आम्ही एकत्र बसून यावर बोललो. त्याने स्वतःहून अर्जदारांतून आपले नाव मागे घेतले. त्याला वाईट वाटले, हे मी लपवणार नाही, कारण कार्यालयाच्या पायऱ्या सर्वांत जास्त वेळा त्यानेच झिजवल्या होत्या. त्याची जागा शाळा व्यवस्थापन समितीतील एक ताई घेत आहेत. त्यांची दोन्ही मुले त्याच शाळेत आहेत.

लेखापरीक्षक काकांनी सांगितल्याप्रमाणे सहा तारखा एकाखाली एक लिहिल्या. प्रदानाची तारीख मोजमापाच्या तारखेच्या अकरा दिवस आधीची निघाली. इतके दिवस हे दोन्ही कागद आमच्या एकाच फाइलमध्ये होते आणि कोणाच्याही लक्षात आले नव्हते. स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीसाठी आज वेगळा अर्ज दिला आहे.

उपसरपंचताईंचे म्हणणेही पटले. तक्रारीच्या मसुद्यात आम्ही ‘सरपंच’ हा शब्द ज्या ज्या ठिकाणी एकटा आला होता, तेथे ज्याच्या ज्याच्या सहीने कागद पुढे सरकला त्या प्रत्येकाचे पदनाम लिहिले आहे. मसुद्यात आता मागण्या दोनच आहेत. गटारीपोटी अदा झालेली रक्कम जबाबदार व्यक्तींकडून वसूल करून ग्रामनिधीत स्वच्छतेच्या शीर्षाखाली जमा करावी, आणि गटारीचे काम नव्याने हाती घ्यावे. पेव्हर ब्लॉकचा मुद्दा निधी वळवल्याची स्वतंत्र बाब म्हणून दुसऱ्या परिच्छेदात घेतला आहे.

एक शंका उरते. वकिलाचा खर्च आम्हाला जड जाणार आहे. काही सोय होऊ शकेल का?

तालुका न्यायालयातील वकील

होऊ शकेल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मिळू शकते. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. शाळा समितीतील ताई अर्जदार होत आहेत, तर त्यांच्या नावे तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. समितीचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते.

तक्रार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आवक शाखेत समक्ष द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून हलू नका. त्याच दिवशी एक प्रत स्पीड पोस्टनेही पाठवा. रिट याचिकेला पहिले जोडपत्र म्हणून तीच शिक्क्याची प्रत लावायची आहे.

निवृत्त लेखापरीक्षक

अकरा दिवसांचा तो फरक तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात घ्या. मोजमाप पुस्तिकेचे पान आणि बँक विवरणाचे पान समोरासमोर येतील अशा रीतीने जोडा, आणि दोन्ही तारखांखाली रेघ ओढा. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पान उलटावे लागू नये.

धागाकर्ता

तसेच करतो. येत्या सोमवारी जिल्हा परिषदेत जात आहोत. आवक क्रमांक मिळाला की येथे कळवीन.

एका गावची उपसरपंच

ताईंना सांगा, मी त्या दिवशी जिल्हा परिषदेतच असेन. कोणी बरोबर हवे असेल तर निःसंकोच निरोप द्यावा.

धागाकर्ता

गेल्या सोमवारी तक्रार दाखल झाली. आवक शाखेत तासभर थांबावे लागले, पण शिक्का, तारीख आणि क्रमांक तिन्ही मिळाले. उपसरपंचताई शेवटपर्यंत सोबत होत्या. पाहणीच्या अर्जावर पुढील महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील दिवस मिळाला आहे, आणि त्या दिवशी चौकातील ब्लॉक ग्रामपंचायतीचेच कर्मचारी उचलणार आहेत.